चार पर्याय आणि एक उत्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी हातात पडली की आपल्याकडच्या मुलामुलींची एक दुसरीच शाळा सुरू होते. तिचे वर्ग गावातल्या अभ्यासिकेत भरतात, पुस्तके जाडजूड असतात आणि प्रत्येक पानावर एक प्रश्न व त्याखाली चार पर्याय असतात. कनिष्ठ अभियंता व्हायचे असो, रेल्वेत जायचे असो की पुढे एम. टेक. करायचे असो, वाट या चार पर्यायांमधूनच जाते. वय वाढत असते, घरचे विचारत असतात आणि निवड यादीत नाव येणे-न येणे एखाद्या गुणाने ठरते. म्हणून या परीक्षांचा अभ्यास कसा करावा, यावर आज थोडे बोलू या.

‘योग्य पर्याय निवडा’ हा शाळेत आपल्याला सोपा वाटणारा प्रश्न. उत्तर समोरच छापलेले, फक्त ओळखायचे. हाच समज पुढे घात करतो. या पद्धतीचा जन्म कुठून झाला, ते आधी पाहू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास मुलांच्या वाचनाची एक चाचणी तयार केली. एकच उत्तर वेगवेगळ्या शिक्षकांनी तपासले की गुण वेगवेगळे पडत. ते टळावे आणि तपासणी झटपट व्हावी, हा हेतू. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून अमेरिकी सैन्याने लाखो भरती जवानांची परीक्षा याच धर्तीवर घेतली. १९३८ मध्ये आयबीएम कंपनीने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्रच आणले. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, या साध्या गुणधर्मावर ते पेन्सिलीच्या खुणा ओळखत असे. थोडक्यात, ही पद्धत तपासणाऱ्याच्या सोयीसाठी आली, शिकणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. परीक्षा या पद्धतीने द्यावीच लागते. अभ्यासही याच पद्धतीने केला पाहिजे, असे मात्र नाही.

आता एक प्रश्न घेऊ. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या इंडक्शन मोटरचा समकालिक वेग, म्हणजे सिंक्रोनस स्पीड, किती? पर्याय असे: ७५०, १४४०, १५०० आणि ३००० फेरे दर मिनिटाला. सूत्र अगदी सोपे. वारंवारितेला १२० ने गुणायचे आणि ध्रुवांच्या संख्येने भागायचे. उत्तर १५००. पण उरलेले तीन आकडे प्रश्न काढणाऱ्याने हवेतून आणलेले नाहीत. सूत्रात १२० ऐवजी ६० घेतले की ७५० येतात. चार ध्रुवांऐवजी ध्रुवांच्या जोड्या, म्हणजे दोन, घेतल्या की ३००० येतात. आणि १४४० हा आकडा तर अनेक मोटरींच्या पाटीवर लिहिलेला असतो, कारण रोटर समकालिक वेगापेक्षा थोडा मागेच राहतो. ज्याने कारखान्यात मोटर पाहिली आहे, पण स्लिप म्हणजे काय ते समजून घेतले नाही, त्याच्यासाठी हा सापळा लावलेला आहे.

तांत्रिक विषयाच्या चांगल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय ही अशी विद्यार्थ्यांची एखादी ओळखीची चूक असते. म्हणूनच अर्धवट तयारी फार महाग पडते. ज्याला काहीच माहीत नाही, तो डोळे मिटून खूण करतो. चारातून एकदा तरी त्याचे बरोबर येते. अर्धवट माहिती असलेला मात्र ठामपणे नेमक्या सापळ्यात पाय टाकतो.

यावर उपाय काय? पहिला उपाय म्हणजे सराव करताना पर्याय झाकून ठेवा. पोस्टकार्डाएवढा कागदाचा तुकडा पुरतो. प्रश्न वाचा, उत्तर स्वतः काढा, वहीत लिहा आणि मगच कागद सरकवा. तुमचे उत्तर चारांत नसेल तर कुठेतरी चुकले, हे तिथेच कळते. दुसरा उपाय म्हणजे बरोबर पर्याय सापडला की पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. उरलेले तीन का चुकीचे, ते एकेका ओळीत लिहा. एका प्रश्नात चार प्रश्नांचा अभ्यास होतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला विचारा, एम २० काँक्रीटमधला २० हा आकडा कोणत्या दिवसाच्या ताकदीचा? ७, १४, २१ की २८? उत्तर २८ दिवस, हे तो लगेच सांगेल. पण सातव्या दिवशीही घन का तोडून पाहतात, तोपर्यंत साधारण किती ताकद आलेली असते, हे ज्याने शोधले त्याला पुढच्या वर्षीचा फिरवलेला प्रश्नही सुटतो.

काही मुले म्हणतात, “सर, एवढा वेळ कुठे आहे? पाच हजार प्रश्नांचा संच संपवायचा आहे.” संच संपतो, पण डोक्यात किती उरते? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, पान मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटे झाले. आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. गंमत अशी की पुन्हा वाचताना आपल्याला ‘हे येते’ असे वाटत राहते. ओळखीचे वाटणे आणि येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात दिसलेला चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसेच हे. म्हणून दिवसाच्या शेवटी पुस्तक मिटून, कोऱ्या पानावर त्या दिवसाची सूत्रे, एकके आणि आकृत्या काढायची सवय लावा. सुरुवातीला पान कोरेच राहील. घाबरू नका, काय येत नाही, ते आजच कळले.

आता इंग्रजीकडे वळू. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. २०२१ पासून जेईई मेन मराठीतूनही देता येते, ही चांगली गोष्ट झाली. पण ‘गेट’ची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते आणि त्यात इंग्रजीचेही प्रश्न असतात. त्यावर उपाय म्हणून मुले शब्दांच्या याद्या पाठ करतात. अवघड शब्द, त्याचा अर्थ, विरुद्ध अर्थ. यादी आठवड्यात विरून जाते, कारण ते शब्द कुठल्याच वाक्यात राहत नसतात.

मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजी चुका बऱ्याचदा मराठीतूनच येतात, आणि हे कळले की निम्मे काम होते. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. आपला एक ‘पासून’ दोन्ही कामे करतो. इंग्रजीत काळाचा आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ हा पर्याय आपल्याला बरोबर वाटतो आणि तो चुकीचा असतो. आपण ‘प्रश्नावर चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ जोडावेसे वाटते; तिथे काहीच लागत नाही. आपल्याला ‘चहापेक्षा कॉफी’ आवडते, म्हणून ‘प्रिफर’नंतर ‘दॅन’ येते. हवे असते ‘टू’. अशा चुकांची स्वतःची एक वही करा. प्रत्येक चुकीसमोर तुमच्या रोजच्या जगण्यातले एक बरोबर वाक्य लिहा आणि ते मोठ्याने वाचा. कानाला सवय झाली की चुकीचा पर्याय खटकू लागतो.

इंग्रजी फक्त इंग्रजीच्या प्रश्नांपुरती नसते. तांत्रिक प्रश्नातही एखादा छोटा शब्द गुण घेऊन जातो. शंभराचे ‘रिड्यूस्ड बाय ट्वेंटी’ म्हणजे ऐंशी उरले आणि ‘रिड्यूस्ड टू ट्वेंटी’ म्हणजे वीसच उरले. गणित येत असूनही उत्तर चुकले, ते एका शब्दयोगी अव्ययाने. ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘निग्लेक्टिंग’ हे पाच-सहा शब्द दिसले की त्याखाली बोट ठेवायची सवय सरावातच लावून घ्या. तसेच मराठीत विचार करताना दोन संज्ञा एक होऊ देऊ नका. ‘टेन्शन’लाही आपण ताण म्हणतो, ‘स्ट्रेस’लाही आणि कधीकधी ‘स्ट्रेन’लाही. पुस्तकात स्ट्रेस म्हणजे प्रतिबल आणि स्ट्रेन म्हणजे विकृती. पहिल्याला एकक आहे, दुसऱ्याला नाही. एवढे पक्के असेल तर एकक पाहूनच दोन पर्याय खोडता येतात.

खोडण्यावरून उणे गुणांचा हिशेब आठवला. ‘माहीत नसेल तर मुळीच खूण करू नका’ असे काही जण सांगतात, तर ‘एकही सोडू नका’ असे काही जण. दोघांनी आकडेमोड केलेली नसते. एका गुणाचे, चार पर्यायांचे प्रश्न धरा. चुकीला एक तृतीयांश गुण वजा होतो, असे बारा प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी तीन बरोबर येतील, नऊ चुकतील. मिळाले तीन, गेले तीन, हाती शून्य. पण त्याच बारांत प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर सरासरी सहा बरोबर, सहा चूक; मिळाले सहा, गेले दोन, हाती चार. पाव गुण वजा होत असेल तर डोळे मिटून केलेल्या सोळा प्रश्नांमागेही सरासरी एक गुण उरतो, पण तो नशिबाच्या भरवशावर. म्हणून नियम असा: निदान एक पर्याय कारण देऊन खोडता आला तर उत्तर द्या. ‘वाटते म्हणून’ खोडणे हे खोडणे नव्हे. आणि परीक्षेची माहितीपुस्तिका आधी वाचा. ‘गेट’मध्ये काही प्रश्नांना उणे गुण नाहीत. काहींना पर्यायच नाहीत, उत्तराचा आकडा स्वतः भरावा लागतो. तर २०२१ पासून एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारेही प्रश्न येतात. तिथे ओळखण्यावर भागत नाही.

आणखी एक समजूत: पहिले सुचलेले उत्तर बदलू नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड मोजली गेली. बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी चुकीची बरोबर झाली होती आणि सुमारे पाव बरोबरची चुकीची. तरीही मनात राहते ते ‘अरेरे, आधीचेच बरोबर होते’ हे दुःख. तेव्हा नवे कारण सापडले तर उत्तर जरूर बदला. केवळ धाकधुकीने बदलू नका.

वेळेचाही सराव हवा. ‘गेट’ला तीन तासांत ६५ प्रश्न असतात. रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदाच्या पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. दोन्हींची चाल वेगळी. पण वेग शेवटच्या दोन महिन्यांत वाढवावा. आधी समज, मग वेग. पायाच ओला असताना वरचा मजला चढवू नये, हे सिव्हिलच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

खर्चिक शिकवणी सगळ्यांना परवडत नाही. तिच्यावाचून अडते असेही नाही. चार मित्र-मैत्रिणी एकत्र या. रोज प्रत्येकाने एक प्रश्न स्वतः तयार करायचा, तीन चुकीच्या पर्यायांसकट. आणि अट अशी की प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो, ते सांगता आले पाहिजे. महिन्याभरात प्रश्न काढणाऱ्याचे डोके कसे चालते ते कळू लागते.

पालकांनाही दोन शब्द. जागा थोड्या आणि उमेदवार फार, ही वस्तुस्थिती आहे. चांगला अभ्यास करूनही यादीत नाव येत नाही, असे होते. म्हणून किती वर्षे प्रयत्न करायचा, हे सुरुवातीलाच घरात बसून ठरवा आणि त्या काळात मुलाला किंवा मुलीला रोज निकाल विचारू नका. दरम्यान कारखान्यात, साइटवर काम मिळत असेल तर त्याला कमी लेखू नका. मोटरची पाटी वाचलेला, घन तुटताना पाहिलेला विद्यार्थी पुस्तक वेगळ्या नजरेने वाचतो.

शेवटी नोकरी लागेल तेव्हा बंद पडलेला पंप तुमच्यापुढे चार पर्याय ठेवणार नाही. कारण तुम्हालाच शोधावे लागेल, आणि चूक झाली तर पाव गुणावर भागणार नाही. कुणाच्या शेताचे पाणी थांबेल, कुणाच्या जिवाशीही गाठ पडेल. तेव्हा पर्याय झाकून केलेला अभ्यासच उपयोगी येईल. आज रात्री पुस्तक उघडाल तेव्हा कागदाचा एक तुकडा जवळ असू द्या.