जुन्या गुणांची मुदत



वैद्यकीय शिक्षकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे.   शिरस्त्याप्रमाणे अध्यक्षाने वर्षभरातील वैद्यकीय शिक्षणाचा आढावा घ्यावयाचा असतो आणि त्याची टिपणे मी तयारही केली होती. नव्या महाविद्यालयांची वाढती संख्या, अध्यापकांच्या रिकाम्या जागा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्याने मुक्रर केलेली परंतु अद्याप अमलात न आलेली ‘नेक्स्ट’ ही अखेरच्या वर्षाची परीक्षा, हे सारे विषय त्या टिपणांत आहेत आणि त्यांवर परिसंवादांत अधिकारी मंडळी बोलणारच आहेत. मला मात्र एक तक्रार मांडावयाची आहे. अध्यापनाच्या पहिल्या दिवसांपासून ती मनात आहे, आणि ती मांडण्याजोगे व्यासपीठ आज प्रथमच लाभले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रवेशपरीक्षेतील गुण प्रवेशाच्या दाराशीच संपले पाहिजेत. त्यानंतर ते कोणी विचारू नयेत, कोणत्याही दप्तरात अध्यापकाच्या नजरेस पडतील असे ठेवू नयेत, आणि त्यांवरून विद्यार्थ्याची किंमत करण्याची जी रीत आपल्या विभागांतून, वसतिगृहांतून आणि निवडमंडळांतून राजरोस चालते ती आपण, म्हणजे शिक्षकांनीच, मोडून काढली पाहिजे.

यात कायद्याच्या विरुद्ध असे काहीच नाही. ‘नीट’ या देशव्यापी प्रवेशपरीक्षेचा गुण आपल्याकडे त्या एका प्रवेशवर्षापुरताच ग्राह्य असतो, पुढल्या वर्षी अर्ज करावयाचा तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि मागील आकड्याला कवडीचीही किंमत राहत नाही. ब्रिटनमधील ‘यूकॅट’ या वैद्यकीय प्रवेशचाचणीचाही नियम हाच आहे. अमेरिकेत १९२८ साली मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने जी चाचणी सुरू झाली आणि जी पुढे ‘एमकॅट’ या नावाने रूढ झाली, तिचे गुणसुद्धा बहुतेक महाविद्यालये दोन-तीन वर्षांपलीकडे स्वीकारीत नाहीत. २०१५ साली त्या परीक्षेचे मोजमापच बदलले. पूर्वी कमाल गुण ४५ असत, ते जाऊन ४७२ ते ५२८ अशी पट्टी आली, आणि जुन्या पट्टीवरचे आकडे थोड्याच वर्षांत निकामी झाले. एक भेद मात्र तेथे आहे. उमेदवाराच्या आधीच्या प्रयत्नांचे गुणही नव्या गुणांबरोबर महाविद्यालयांकडे जातात, आणि त्यांतला अखेरचा धरावा, सर्वांत मोठा धरावा की सरासरी काढावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आपल्याकडे हा प्रश्न नियमाने निकालात काढला आहे. परंतु नियमाने काढला तो व्यवहाराने पुन्हा आत घेतला, हेच माझे दुःख आहे.

आपल्या राज्यापुरते बोलावयाचे तर गुणांचे हे नाणे किती वेळा बदलले ते पाहावे. माझ्या पिढीला इंटर सायन्सच्या गुणांवर प्रवेश मिळाला. नंतर बारावीची परीक्षा सुरू झाली आणि तिचे गुण आले. पुढे राज्याची स्वतंत्र सामायिक परीक्षा आली, आणि गुणांच्या या चढाओढीत लातूरसारख्या एका जिल्ह्याच्या गावाचे नाव एका अध्ययनपद्धतीला मिळाले. २०१३ साली ‘नीट’ आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१६ साली त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतल्यावर ती पुन्हा रुजू झाली. सेवाग्रामच्या महाविद्यालयात तर प्रवेशपरीक्षेला गांधीविचारांचीही एक प्रश्नपत्रिका असे. अशा भिन्न भिन्न मोजमापांनी आत आलेले आपण सारे या सभागृहात शेजारीशेजारी बसलो आहोत. आपल्यांत कोण कोणत्या आकड्याने आला हे कोणास सांगता येईल? आणि सांगता आले तरी त्याचा उपयोग काय?

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपासून सुरू होणारी आपली परंपरा आपण अभिमानाने सांगतो, आणि त्याच अभिमानाने आनंदीबाई जोशींचे नाव घेतो. १८८३ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जो अर्ज केला, त्यात आपली पूर्वतयारी तेथील अटींप्रमाणे पुरी नसेल हे त्यांनी आधीच नमूद केले होते. रेचल बॉडली या अधिष्ठात्रीने त्यांना घेतले, आणि मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. यावरून मी परीक्षा नकोत असे म्हणत नाही. लाखो उमेदवार आणि मोजक्या जागा असताना परीक्षेवाचून दुसरा न्याय्य मार्ग मला दिसत नाही. परंतु परीक्षा निवडीसाठी असते आणि निवड झाली की तिचे प्रयोजन संपते, एवढे तरी आपण मान्य करावयास नको काय?

आता प्रत्यक्षात काय चालते ते सांगतो. मी ज्या महाविद्यालयांत नोकरी केली त्यांपैकी एकात पहिल्या वर्षाचे हजेरीक्रमांक प्रवेशाच्या गुणवत्ताक्रमाने दिले जात. शवविच्छेदनगृहातील टेबले हजेरीक्रमांकाने वाटली जात. म्हणजे फॉर्मेलिनच्या पहिल्या भपकाऱ्याने ज्याचे डोळे चुरचुरत असत, अशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला त्या दालनात पाऊल टाकताक्षणी कळत असे की, खिडकीजवळचे पहिले टेबल कोणाचे आणि दाराजवळचे शेवटचे टेबल कोणाचे. शिक्षकांनाही ते कळे. पहिल्या टेबलाशी प्रश्न विचारले जात, शेवटच्या टेबलाशी हजेरी घेतली जाई. निवडयाद्यांत गुणवत्ताक्रमांक आणि प्रवर्ग शेजारीशेजारी छापलेले असतात. तेव्हा एखाद्याला त्याचा क्रमांक विचारणे म्हणजे पुष्कळदा त्याची जात विचारणेच असते, आणि विचारणाऱ्याला ते पुरेपूर ठाऊक असते. प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या एम्समधील भेदभावाविषयी २००७ साली जे लिहिले ते आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? मुंबईच्या आयआयटीने २०२३ साली आपल्या विद्यार्थ्यांना लेखी बजावले की, एकमेकांना प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित आहे. तंत्रज्ञानाच्या संस्थेला जे सुचले ते माणसाच्या वेदनेशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या आपणांस सुचू नये याची मला खंत वाटते.

माझे काही सहकारी म्हणतात की, गुण हा बुद्धीचा निदर्शक आहे आणि कमी गुणांचा विद्यार्थी पुढेही मागेच राहतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या लेखी परीक्षांपुरता काही संबंध असतो हे मी नाकारीत नाही. परंतु वॉर्डात काय होते? एक प्रसंग सांगतो. ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पहाटे एका मजूर स्त्रीला अपघात विभागात आणले. पोटात कळा येत होत्या, दोनदा उलटी झाली होती. निवासी डॉक्टरने जठरदाहाचे निदान लिहून इंजेक्शन सांगितले आणि तो दुसऱ्या रुग्णाकडे गेला. माझी फेरी तेथे पोचली तेव्हा एक आंतरवासी मुलगा तिच्या उशाशी वाकून तिच्या पापण्या पाहत होता. “मावशी, वर बघा बरं. आणखी वर,” असे तो म्हणत होता, आणि पापण्या वर जात नव्हत्या. “रात्री कुठं झोपला होता?” त्याने विचारले. “भुईवरच की,” तिचा नवरा म्हणाला, “कोपीत दुसरं काय हाय?” मुलाने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “सर, मण्यार.”

दंशाची खूण कोठे दिसत नव्हती, सूज नव्हती, पायाला आग नव्हती. मण्यार रात्री भुईवर निजलेल्याला चावते, कित्येकदा झोपलेल्याला ते कळतही नाही, आणि पहाटे पोटदुखीने उठलेल्या त्या माणसाचा श्वास काही तासांत थांबू शकतो. हे पाठ्यपुस्तकात आहे, निवासी डॉक्टरनेही ते वाचलेले होते. सर्पदंशावरील प्रतिविष सुरू केले, घशात नळी घातली, आणि कृत्रिम श्वसनयंत्र मोकळे होईपर्यंत तो मुलगा हाताने पिशवी दाबून तिला श्वास देत बसला होता. चौथ्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत गेली.

पुढे जे घडले ते सांगण्यासाठीच मी हे सांगितले. दुसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत मी या मुलाचे नाव घेतले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: “याला प्रवेशाच्या वेळी किती गुण होते हो?” आणि आकडा कोणी सांगितला तेव्हा ते आश्चर्याने हसले. पाच वर्षांपूर्वीचा तो आकडा, त्या बाईच्या पापण्या पाहिल्यानंतरही, त्या मुलाची ओळख म्हणून शिल्लक होता. मी त्या बैठकीत रागावून बोललो आणि आजही त्या बोलण्यातला एक शब्दही मला मागे घ्यावासा वाटत नाही. कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, कशी असते, तीत माणसे कशी निजतात, हे त्या मुलाला ठाऊक होते, कारण त्याचे आईवडील हंगामात कोपीतच राहत. हे ज्ञान बहुपर्यायी प्रश्नाच्या कोणत्या चौकोनात मोजले जाते? महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून कोकणातले जे असंख्य जीव वाचविले, त्यांतील कोणत्या रुग्णाने त्यांची गुणपत्रिका मागितली होती?

एकाहून अधिक वेळा परीक्षा देणाऱ्यांविषयीही आपल्याकडे असाच वाद आहे. प्रयत्नांची नोंद ठेवावी, वयाची मर्यादा असावी, असे म्हणणारे या सभागृहात आहेत. सामान्य प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षे ही कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली काढून टाकली, हे मला पूर्णपणे योग्य वाटते. माझ्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती. तिने ओळीने काही वर्षे परीक्षा दिली, मधल्या काळात तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात काम केले, आणि वर्गात आली तेव्हा ती सर्वांहून वयाने मोठी होती. कोणत्या घरात कोणते औषध अर्धवट घेऊन टाकून दिले जाते, आणि का, हे तिला जितके माहीत होते तितके माझ्या विभागातील कोणालाही नव्हते. आज ती एका ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगाचे काम करते. तिच्या मागील प्रयत्नांची सरासरी काढून आपण काय सिद्ध करणार होतो?

आणि या जुन्या आकड्याचा जाच गुणवत्तायादीत वर असलेल्यांनाही सोसावा लागतो. एका वर्षी गुणवत्तेत अगदी वरचा क्रमांक मिळविलेला एक मुलगा आमच्याकडे आला; शिकवणीवर्गाच्या फलकावर त्याचे छायाचित्र त्याच्या गावच्या एस.टी. स्थानकासमोर लागलेले होते. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत तो नापास झाला. कोणत्याही विद्यार्थ्याच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट ठरली असती, परंतु त्या चाचणीनंतर तो वर्गात दिसेनासा झाला. मी वसतिगृहात गेलो तेव्हा तो मला इतकेच म्हणाला, “सर, फलक अजून उतरवला नाही.” तो वर्षभर घरी राहून परत आला, पुढे चांगला भूलतज्ज्ञ झाला, परंतु त्याच्या आयुष्यातले ते वर्ष कोणी नेले, या प्रश्नाने मी आजही अस्वस्थ होतो.

माझा स्वतःचा अनुभवही येथे नोंदवितो. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीस मी एका निवडमंडळापुढे बसलो होतो. त्या वेळी मी अतिदक्षता विभाग चालवीत होतो आणि माझे शोधनिबंध मंडळापुढे होते. एका सदस्यांनी ते बाजूला सारले, कागदांच्या तळातून इंटर सायन्सची गुणपत्रिका वर काढली आणि रसायनशास्त्रात गुण कमी का पडले याची कैफियत मागितली. पद मला मिळाले नाही. त्याचे शल्य केव्हाच निवले. परंतु औषधभांडारातील मुदत संपलेली कुपी जो माणूस रुग्णाला कदापि टोचणार नाही, तोच माणूस विशीच्या आतला एक आकडा चाळिशीच्या माणसाला बिनदिक्कत लावतो, हे मला तेव्हा उमगले नाही आणि आजही उमगत नाही.

काय करावयाचे? हजेरीक्रमांक आडनावांच्या वर्णानुक्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून द्यावेत. प्रवेशाच्या गुणांची नोंद प्रवेशविभागाच्या कुलुपात राहावी आणि विभागांच्या पटावरून तो रकानाच काढावा. वसतिगृहाच्या खोल्या आणि प्रात्यक्षिकांचे गट यांचा गुणवत्ताक्रमाशी संबंध नसावा. निवडमंडळांनी पदवीपूर्वीचे गुण मागू नयेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असे एक निवेदन पाठवावे, त्यासाठी एखादी छोटी समिती नेमावी, तिने इतर राज्यांतील चालीरीतीही पाहाव्यात, असे माझ्या मनात आहे. तपशील अजून ठरावयाचे आहेत. तरुण सहकाऱ्यांनी पुढे यावे, मी त्यांच्यामागे उभा राहीन.

मसुदा कच्चा असला तरी या सूचनांचा ठराव मी उद्या दुपारच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. ज्यांना त्याला विरोध करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा, जोराने करावा; मात्र येताना, कोणत्या विद्यार्थ्याचा कोणता जुना आकडा कोणत्या रुग्णाच्या उपयोगी पडला, याचे एक तरी उदाहरण बरोबर आणावे.