फ्लिका आणि रँचचा जमाखर्च

मेरी ओहारा यांची ‘माय फ्रेंड फ्लिका’ ही कादंबरी अमेरिकेत १९४१ साली प्रसिद्ध झाली. निमंत्रणपत्रिकेत विषयाखाली कंसात ‘बालसाहित्य’ असे छापले गेले आहे. तो कंस पुसणे एवढेच या व्याख्यानाचे काम. पुस्तक आले ते मोठ्यांची कादंबरी म्हणून. मुलांच्या कपाटात ते नंतर गेले.

लेखिका मूकपटांच्या पटकथा लिहीत, पियानो वाजवीत. १९३०च्या दशकात, ऐन मंदीत, त्या पतीबरोबर वायोमिंगमधील शायेन आणि लॅरमी यांच्या दरम्यानच्या रीमाउंट रँचवर राहिल्या. तिथे दूधधंदाही करून पाहिला गेला. त्या दिवसांच्या रोजनिशीतून पुढे ‘वायोमिंग समर’ (१९६३) हे पुस्तक निघाले. कादंबरीतील गूस बार रँच याच अनुभवावर उभी आहे.

कथानक चित्रपटामुळे (१९४३, केनच्या भूमिकेत रॉडी मॅकडॉवल) सभागृहाला ठाऊक आहे असे धरून चालावे. दहा वर्षांचा केन शाळेत खिडकीबाहेर पाहत बसतो आणि नापास होतो. त्याला स्वतःचे शिंगरू द्यावे असे आई नेल सुचवते. वडील रॉब नाइलाजाने कबूल होतात, आणि मुलगा नेमके बिथरलेल्या वंशातले शिंगरू निवडतो, तीच फ्लिका.

इथे रॉकेटपाशी थांबणे भाग आहे. रॉकेट ही फ्लिकाची आई: कमालीची वेगवान आणि कुणालाच न आवरणारी. रँच तोट्यात असल्याने रॉब तिला विकायला काढतो. ट्रकमधून नेताना ती उसळते, डोके आपटून मरते, आणि येणारे पैसेही जातात. चित्रपट पाहून आलेल्यांना हा प्रसंग निव्वळ थरारक वाटतो. पुस्तकात तो घरखर्चाच्या प्रश्नाला जोडलेला आहे. कुंपण, चारा, शाळेची फी यांची काळजी संपूर्ण कादंबरीभर आहे, आणि निवेदन केनइतकेच रॉब आणि नेल यांच्याही मनातून फिरते. रॉबला निर्दय ठरवणाऱ्या वाचकांनी कधी पोट भरण्यासाठी घोडे पाळलेले नसतात. (टाळी वाजवणाऱ्यांनीही नाही.)

घड्याळ संयोजकांच्या हाती असल्याने उरलेले थोडक्यात. कुंपणाच्या तारेत फ्लिका जखमी होते, जखम चिघळते, तिला गोळी घालण्याचा हुकूम सुटतो. केन रात्रभर ओढ्याच्या गार पाण्यात तिचे डोके मांडीवर घेऊन बसतो. घोडी वाचते, मुलगा गंभीर आजारी पडतो. या आजारपणाची किंमत मात्र रॉब पैशांत मोजत नाही. बापलेकाचे नाते इथेच बदलते. शेवट गोड आहे खरा, पण त्याने रँचचे कर्ज फिटत नाही, हा या कादंबरीचा प्रामाणिकपणा.

‘थंडरहेड’ (१९४३) आणि ‘ग्रीन ग्रास ऑफ वायोमिंग’ (१९४६) या पुढील दोन भागांना वेळ उरलेला नाही. ते क्रमाने वाचावेत, आणि ग्रंथालयाने तिन्ही पुस्तके मोठ्यांच्या कपाटात हलवावीत.