सातासमुद्रापार निघालेल्यांसाठी

(परदेशी शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर वाशी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाशी-नेरूळच्या घरांतून परदेशी शिक्षण ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, राहण्याची सोय या साऱ्याची माहिती घरोघरी पाठ असते. तिकडे गेल्यावर मनाचे काय होते, याविषयी मात्र निघण्याच्या दिवसापर्यंत फारसे बोलणे होत नाही. बोलणे होते ते बॅगेतील भाजणीच्या वजनाविषयी!

या विषयाचा पहिला धडा वाशीपासून फार दूर नाही. ठाण्याला गाडी बदलली की कल्याण. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर तिथले. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तेव्हा धर्मांतर केल्यास साहाय्य करू, असे सुचवले गेले. ती अट त्यांनी नाकारली. हाच पत्रव्यवहार छापून आला, न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कारपेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे वाट पाहताना तो वाचला आणि आपण होऊन मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई पुढे त्यांना मावशी मानू लागल्या. परकी माणसे सारी एकाच साच्याची नसतात, हे त्यांना निघण्यापूर्वीच उमगले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी आक्षेपकांना जाहीर उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असा त्याचा आशय होता. हा निश्चय त्यांनी पाळला. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केई ओकामी व सीरियाची साबात इस्लामबूली आपापल्या वेशात. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही त्यांनी आपल्याच परंपरेतला निवडला होता, हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

ही गौरवगाथा आपल्या घरांत अनेकदा सांगितली जाते. तिची दुसरी बाजू सांगताना मात्र आवाज खाली येतो. बर्फाच्या प्रदेशात नऊवारी अपुरी पडे, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. वेशात असा मार्ग निघाला. आहाराचा प्रश्न अधिक अवघड होता. खोलीतील शेगडी धूर ओकत असे. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड. शाकाहारावर भागवायचे, अभ्यासाचा भार वाहायचा, यात प्रकृती खालावत गेली. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कारपेंटर कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत विसावल्या आहेत.

काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, याचा निर्णय शेवटी त्या खोलीत राहणाऱ्यानेच करायचा असतो. वाशीच्या दिवाणखान्यात बसून तो करता येत नाही. आज अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करण्याची मुभा असते. त्यातून खर्चाचा मेळ घालताना मुलगा जेवण टाळत असेल, तर आईला फोनवर ‘सगळे ठीक’ एवढेच ऐकू येते. कर्जाचा हप्ता दर खेपेस आठवून देणारे पालक त्या मुलाचे तोंड आणखीच बंद करतात.

दुसरे उदाहरण परतण्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता, असे त्यांनीच नमूद केले आहे. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा उच्चविद्याविभूषित तरुण बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला.

‘मुले परत येत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्या समाजाने, संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर विशेषच, ती बाग विसरू नये. परतलेल्या मुलाच्या बदललेल्या सवयींवर घरात थट्टा होते, त्याने सोबत आणलेल्या मित्राची जात चौकशीत येते, त्याने निवडलेल्या जोडीदारावरून अबोला धरला जातो. हे पाहूनच पुष्कळ जण तिकडच्या नोकरीची मुदत वाढवतात, पगार हे सांगायचे कारण असते.

ऑगस्टमधल्या सत्रासाठी निघणाऱ्यांच्या हाती आता थोडे आठवडे आहेत. दुखणे आले तर फोन कोणाला करायचा, पैसे संपले तर काय सांगायचे आणि वर्षभरात जमले नाही तर परत येता येईल की नाही, या तीन गोष्टी आई-वडिलांनी व मुलांनी समोरासमोर बसून बोलून घ्याव्यात. बॅगा नंतर भरता येतील.