पदवी आणि पल्ला

भिलाईच्या कुरुदसारख्या वस्तीत वाढलेल्या मुलाने अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी? घरची पुंजी आणि वयाची चार वर्षे पणाला लागतात. उत्तर मात्र उशालाच आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, ती एकट्या धातुशास्त्राच्या बळावर नव्हे. स्थापत्य, यांत्रिकी व विद्युत या शाखांचे हातही तिला लागले. ज्याचा कल ठरला नाही, त्याने अशी व्यापक शाखा घ्यावी. विशेष अभ्यास मागाहून करता येतो. विश्वेश्वरय्या पुण्यात स्थापत्य शिकले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविले आणि पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखानाही त्यांनी सावरला. पदवी दार उघडते; पल्ला ज्याचा त्याने गाठायचा असतो.