कळफलकावरची बाराखडी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अशा व्यासपीठावरून संतवाङ्मयावर किंवा संगीत नाटकावर बोलावे, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र संगणकाच्या जुन्या टर्मिनलवर बोलणार आहोत. ज्यांना विषय रुक्ष वाटेल त्यांनी चहापर्यंत धीर धरावा.

टर्मिनल म्हणजे संगणक नव्हे. आकडेमोड करणारे यंत्र दुसऱ्या खोलीत, थंड हवेत. आपल्यापुढे केवळ पडदा आणि कळफलक. १९७८ साली अमेरिकेत निघालेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलच्या पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी मावत. कळफलक सुटा, टेलिफोनसारख्या वेटोळ्या तारेने जोडलेला. कळ दाबताच बारीक ‘टक्’ आवाज येई. तो कळेचा नव्हे, आत बसविलेल्या चिमुकल्या स्पीकरचा! टंकलेखन यंत्रावर वाढलेल्या बोटांची समजूत घालण्यासाठीच जणू ही सोय होती. नको असल्यास आवाज बंदही करता येई.

त्याआधीच्या, १९७६ च्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांसाठी वेगळ्या कळाच नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण कोरले होते. बिल जॉय यांनी त्यावर ‘व्हीआय’ नावाचा लेखन-संपादनाचा कार्यक्रम रचला. ते टर्मिनल केव्हाच अडगळीत गेले. पण त्या चार कळांनी पडद्यावर हिंडण्याची रीत त्या कार्यक्रमात अजून चालू आहे. कळफलक बोटांना वळण लावतो, ते असे.

आपल्या लिपीचे हाल मात्र फार झाले. टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटवायचा तर वेलांटी आधी आणि क मागून. अर्ध्या अक्षरांच्या कळा निराळ्या. मुखाने एक क्रम, बोटांनी दुसरा! ही अडचण सोडविण्याचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त झाले. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने ते वाढविले. टर्मिनलवर देवनागरी आली. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक १९९१ साली ठरले.

त्याबरोबर रूढ झालेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी आम्हांस पाणिनीच्या देशाला शोभेशी वाटते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. साध्या कळेने काना, शिफ्ट धरून तीच दाबली की आ. क आणि ख एका कळेवर, त आणि थ एका कळेवर. क, मग पाय मोडायची कळ, मग ष. ‘क्ष’ कसा काढायचा ते यंत्र पाहून घेते. बाण कोरलेल्या त्या चार कळांवर येथे प, र, क, त आहेत. जुन्या टंकलेखकांना हे मानवले नाही आणि अनेक कचेऱ्यांत जुनीच मांडणी चालू राहिली. वर्षानुवर्षांची सवय मोडणे सोपे नसते, हे खरे. परंतु नव्याने शिकणाऱ्याने तरी तोच जुना भार का वाहावा?

आणखी एक गुण. येथे खमरियात ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तेलुगू, बंगाली, मल्याळी शेजारी आहेत. त्यांच्या लिपीतला ‘क’ही त्याच कळेवर सापडतो.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. आपली मुले शाळेत हिंदी बोलतात, घरी आजीला मोबाईलवर मराठी निरोप धाडतात, पण रोमन अक्षरांत. तेथे काल आणि काळ, वेल आणि वेळ यांच्यात भेद उरत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाच्या कानावर ळ दिवसभर पडतो. आपल्या मुलांच्या कानावर तो घराबाहेर जवळजवळ पडतच नाही. लिहितानाही गेला, तर तो राहणार कोठे? इनस्क्रिप्टमध्ये ल च्या कळेवरच शिफ्ट धरून ळ आहे. एका बोटाचे अंतर!

मंडळाच्या संगणकात ही मांडणी आहेच. केवळ सुरू करावी लागते. येत्या रविवारपासून सकाळी दहा वाजता आम्ही तेथे बसू. मुलांना पाठवा, आजोबांनी आले तरी चालेल. येताना आजीला धाडायचा निरोप मनात तयार ठेवावा.