महागाईचा आंकडा आणि आपला घरखर्च

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, पण कांहीं गॅलऱ्यांतले आकाशकंदील अजून उतरले नव्हते. सकाळच्या वर्तमानपत्रांत बातमी आली कीं, ऑक्टोबर महिन्यांत देशांतील किरकोळ महागाईचें मान, वर्षाच्या हिशेबानें, अवघें ०.२५ टक्के भरलें. म्हणजे आदल्या वर्षीं ज्या सामानाला शंभर रुपये पडत होते, त्याला आतां शंभर रुपये आणि चार आणे पडूं लागले. आमचे शेजारी तें पान हातांत घेऊनच आले आणि म्हणाले, "मास्तर, नातवाची फी वाढली, औषधें वाढलीं, सोन्याचें तर नांवच काढूं नका. मग हे चार आणे कोणाच्या घरचे?"

प्रश्न रास्त होता, आणि गंमत अशी कीं त्याच्या उत्तराची वाटहि त्या प्रश्नांतच होती. महागाईचा आंकडा खरोखरच एका घराचा असतो. तें घर मात्र कोणत्याहि गांवांत सांपडावयाचें नाहीं. देशांतील अडीच लाखांहून अधिक घरांत जाऊन, त्यांचा खर्च लिहून घेऊन, त्याची सरासरी काढून तें सरकारच्या सांख्यिकी खात्यानें कागदावर उभारलेलें असतें. या घरांत भात, पोळी, भाकरी सारेंच शिजतें. तेथील माणसें किंचित् विडी ओढतात, किंचित् मोटार बाळगतात आणि मुलांना किंचित् महाविद्यालयांत पाठवितात. असें कुटुंब कोणी पाहिलेलें नाहीं, पण आपणां सर्वांचा थोडाथोडा अंश त्यांत असतो, किंवा असावा अशी अपेक्षा असते.

आंकडा काढण्याची रीत मुळांत सोपी आहे. या कागदी घरानें शंभर रुपये खर्चिले तर त्यांतले धान्याला किती, दुधाला किती, भाड्याला किती, औषधाला किती, हें आधीं ठरवावयाचें. या वांट्याला त्या जिनसेचा 'भार' म्हणतात. मग दर महिन्याला त्याच जिनसांचे, शक्यतों त्याच दुकानांतले, भाव विचारावयाचे, प्रत्येक भाव आरंभींच्या किती पट झाला तें पाहावयाचें, त्या पटीला भारानें गुणावयाचें आणि सर्वांची बेरीज घ्यावयाची. ज्या वर्षीं ही बेरीज १०० धरली तें आधारवर्ष. मीठ दुप्पट महागलें तरी हा आंकडा जागचा हलत नाहीं, कारण मिठाचा भार अगदीं नगण्य. उलट घरभाडें थोडें जरी चढलें तरी तो हलतो. बाजारांतले भाव रोज बदलतात हें सर्वांना दिसतें. घरांतले भारहि बदलत असतात, तें मात्र वर्षांमागून वर्षें लोटलीं तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि माझें आजचें सांगणें मुख्यतः याविषयींच आहे.

हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. मुंबईच्या गिरणगांवाला तर तो फार जुना. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें १९२१ सालीं कामगारांच्या राहणीच्या खर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्यासाठीं पहिलें महायुद्ध सुरूं होण्याच्या वेळचा, म्हणजे जुलै १९१४ चा खर्च १०० धरला. लगोलग १९२१-२२ सालीं चाळींतून कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करण्यांत आले, आणि दहा वर्षांनीं पुन्हां तशीच पाहणी करून १९३३-३४ हें नवें आधारवर्ष घेण्यांत आलें. पुढें महागाई भत्त्याची सांगड या आंकड्याशीं पडली, आणि मग तो केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय राहिला नाहीं. १९६३ सालीं मुंबईच्या कामगार संघटनांनीं तक्रार मांडली कीं, निर्देशांक खऱ्या महागाईच्या मागें पडला आहे आणि त्यामुळें आमच्या पगारांतून दरमहा पैसे कापल्यासारखेच होत आहेत. राज्य सरकारनें अर्थशास्त्रज्ञ डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. आंकड्यांत दोष आहेत हें समितीला आढळलें, दुरुस्ती झाली आणि भत्ता वाढला. गणिताच्या मास्तरला याहून समाधानाची गोष्ट ती कोणती? वहींतली एक चुकलेली बेरीज सुधारली, आणि हजारों घरांत त्याचे पैसे पोंचले.

आतां सध्यांच्या आंकड्याकडे येऊं. शेजाऱ्यांनीं ज्याविषयीं विचारलें त्या राष्ट्रीय निर्देशांकाचें आधारवर्ष २०१२ होतें आणि त्यांतील भार २०११-१२ च्या पाहणीवरून काढलेले होते. २०१७-१८ सालीं नवी पाहणी झाली होती, परंतु तिच्या माहितीच्या दर्जाविषयीं शंका घेऊन सरकारनें २०१९ सालीं ती प्रसिद्ध न करण्याचें ठरविलें. हा निर्णय योग्य होता कीं अयोग्य यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मतें जमाखर्च नापसंत पडला म्हणून वही मिटून ठेवण्यानें कोणाचेंच भलें होत नाहीं. परिणाम इतका झाला कीं, २०११-१२ सालचा घरखर्च पुढें कैक वर्षें प्रमाण मानला गेला. दरम्यान घरें बदलत होतीं. २०११-१२ सालीं खेड्यांतील माणसाच्या शंभर रुपये खर्चांपैकीं सुमारें ५३ रुपये खाण्यापिण्यावर जात. २०२३-२४ च्या पाहणींत ते ४७ झाले. शहरांत सुमारें ४२ रुपये ६० पैसे होते, ते ३९ रुपये ६८ पैशांवर आले. नुसत्या तृणधान्याचें पाहिलें तर फरक आणखीच मोठा आहे. खेड्यांतील खर्चांत त्याचा वांटा १० टक्क्यांहून थोडा अधिक होता, तो २०२२-२३ सालीं ५ टक्क्यांच्याहि खालीं गेला.

एवढ्याशा फरकानें काय बिघडतें, असें आपण विचाराल. येथें फळा आणि खडू असता तर बरें झालें असतें. तो नाहीं, तेव्हां मनांतल्या मनांत हिशेब करा. समजा, शंभरांतले पन्नास रुपये खाण्याला आणि पन्नास इतर गोष्टींना जातात. खाण्याचे जिन्नस शेंकडा २० नीं महागले आणि बाकीचे शेंकडा ५ नीं. पन्नासावर दहा वाढले, दुसऱ्या पन्नासावर अडीच. एकूण महागाई साडेबारा टक्के. पण घरांत खरा खर्च खाण्यावर चाळीसच असेल तर? चाळीसावर आठ आणि साठावर तीन, एकूण अकरा. जुनी वही महागाई फुगवून सांगते. आतां उलट करून पाहूं. खाण्याचे जिन्नस शेंकडा ५ नीं उतरले आणि बाकीचे शेंकडा ४ नीं चढले. जुन्या वहीप्रमाणें अडीच रुपये कमी आणि दोन रुपये अधिक, म्हणजे अर्धा टक्का स्वस्ताई! नव्या वहीप्रमाणें दोन रुपये कमी आणि दोन रुपये चाळीस पैसे अधिक, म्हणजे महागाईच. भाव तेच, बाजार तोच, आणि एक वही म्हणते स्वस्ताई झाली, दुसरी म्हणते महागाई. जुना भार आंकडा नेहमीं एकाच दिशेला चुकवितो असें नाहीं. तो वर जातां वर ढकलतो आणि खालीं येतां खालीं ओढतो.

प्रत्यक्षांतहि असेंच कांहींसें घडत होतें. जुलै २०२३ मध्यें टोमॅटो आणि इतर भाज्या कडाडल्या तेव्हां महागाईचा आंकडा ७.४४ टक्क्यांवर चढला. ऑक्टोबर २०२५ मध्यें खाण्याचे जिन्नस आदल्या वर्षाहून सुमारें ५ टक्क्यांनीं खालीं आले होते, म्हणून तोच आंकडा चार आण्यांवर उतरला. त्या यादींत खाण्यापिण्याला शंभरांतले ४५.८६ इतका भार होता. भाज्या खरोखरच स्वस्त झाल्या होत्या, हें मान्य केलें पाहिजे. परंतु शेजाऱ्यांच्या खर्चाचा मोठा भाग भाजीचा नव्हताच.

१२ फेब्रुवारी २०२६ रोजीं ही वही अखेर बदलली. नव्या मालिकेचें आधारवर्ष २०२४ आहे आणि तिचे भार २०२३-२४ च्या पाहणींतले. यादींतील जिन्नस २९९ होते, ते ३५८ झाले. खाण्यापिण्याचा भार ३६.७५ वर आला. मात्र ही सगळी घट लोकांच्या खाण्यांतली नव्हे. पूर्वीं बाहेरून घेतलेलें तयार जेवणहि याच सदरांत मोजलें जाई. तें आतां उपहारगृहांच्या वेगळ्या सदरांत गेलें. वर्तमानपत्रांतले मथळे वाचतांना हा बारकावा सुटतो. खेड्यांतील घरभाडें जुन्या मालिकेंत मुळींच धरलेलें नव्हतें, तें आतां आलें. दुकानांबरोबर मोठ्या शहरांतून घरपोंच माल देणाऱ्या व्यापाऱ्यांचे भावहि नोंदले जाऊं लागले. मुलें सांभाळणाऱ्या बाईचा पगार, व्यायामाचीं साधनें, घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या सेवांची वर्गणी या गोष्टी यादींत शिरल्या. कांहीं गेल्याहि: जुने कपडे, काथ्याचा दोर, ध्वनिफिती, टेप रेकॉर्डर, आणि, हें सांगतांना थोडें जड वाटतें, रेडिओ.

निवृत्त श्रोत्यांसाठीं एक खुलासा येथेंच करतों, नाहींतर पत्रें येतील. महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो निर्देशांक हा नव्हे. तो औद्योगिक कामगारांचा. त्याचें आधारवर्ष २०१६ असून २०२० सालापासून तो चालूं आहे. रीत मात्र दोहोंची एकच.

हे भार ज्या पाहणीवरून निघतात तिचा मला थोडा अनुभव आहे, कारण २०२३ सालीं चिठ्ठींत आमचें घर निघालें. हातांत टॅबलेट घेतलेली एक तरुण मुलगी, तीन महिन्यांत तीन वेळां, असें यायची होती: एकदां खाण्याचा खर्च, एकदां इतर नित्याचा खर्च व सेवा, आणि एकदां कपडे, भांडीं, यंत्रें अशा टिकाऊ वस्तु. भाजी, फळें, तेल यांचा खर्च मागील सात दिवसांचा विचारतात. धान्याचा तीस दिवसांचा. कपड्यांचा सबंध वर्षाचा. कारण काल काय खाल्लें तें आठवतें, पण वर्षभराची कोथिंबीर कोणाला आठवणार? मी मोठ्या आत्मविश्वासानें उत्तरें देऊं लागलों. "भाजीचे आठवड्याचे दोनशें रुपये," मीं सांगितलें. आंतून आवाज आला, "अहो, दोनशें रुपयांत आठवडा कुठला निघतोय? ती फळें कोण खातें? आणि संध्याकाळचा तुमचा वडा?" मी गप्प बसलों, आणि पुढचीं सर्व उत्तरें घरांतूनच दिलीं गेलीं. चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या माणसाला आपल्या घराचा खर्च निम्म्याहून अधिक ठाऊक नव्हता, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्याच आठवड्यांत ती मुलगी शेजारींहि गेली होती. त्यांनीं दाराच्या फटींतूनच सांगितलें, "आम्हांला वेळ नाहीं. दुसरें एखादें घर घ्या." त्यांत त्यांचा एकट्याचा दोष नाहीं. आमच्या आसपासच्या नव्या मोठ्या इमारतींत तर रखवालदारानें तिला फाटकावरूनच परत पाठविलें होतें. परकें माणूस दाराशीं येऊन मिळकतीची आणि खर्चाची चौकशी करूं लागलें तर संशय यावा अशीच आजची परिस्थिति आहे. पण ज्यांच्या घरांत फी, औषधें, प्रवास आणि नोकरमाणसें यांचा खर्च अधिक, तींच दारें बंद राहिलीं, तर कागदावरच्या घरांत तो खर्च येणार कोठून? नोव्हेंबरमध्यें शेजारी तें पान घेऊन आले तेव्हां मीं त्यांना या भेटीची आठवण करून दिली. ते हंसले, थोडे ओशाळलेहि, आणि म्हणाले, "आतां पुन्हां आली तर चहा पाजीन."

आमच्याकडे ती तिसऱ्या वेळीं आली तेव्हां टिकाऊ वस्तूंची यादी होती. पंखा, शीतकपाट, शिलाईचें यंत्र, असें करीत करीत ती रेडिओपाशीं आली. "काका, रेडिओ आहे?" मीं अभिमानानें कपाटावरच्या रेडिओकडे बोट दाखविलें, तीस वर्षें तो तेथेंच आहे. "आणि गेल्या ३६५ दिवसांत त्यावर खर्च किती झाला?"

कांहींच झाला नव्हता. तिनें शून्य नोंदलें आणि पुढची वस्तु विचारली.