जडीबुटीचा हिशोब आपणच ठेवू
(भोकरदन तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं आवरून)



दाव्याच्या फायली सोडून हा पोरगा आज जडीबुटीवर काय बोलतोय, असं कुणाला वाटंल. फायलीशी संबंध आहे, तो पुढं सांगतो.

आधी पान लागण्याचं बोलू, कारण पावसाळा तोंडावर आलाय. 2000 ते 2019 या 20 वर्षांत आपल्या देशात साप चावून अंदाजे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यास 2020 मध्ये छापून आला. ती माणसं बंगल्यात राहणारी नव्हती. बहुतेक खेड्यापाड्यातली, शेतात राबणारी होती, म्हणजे आपल्यासारखीच.

आपल्याकडं पान लागलं की माणूस आधी भगताच्या दारात नेतात. का नेतात? तिथं बरी झालेली माणसं आपण डोळ्यांनी बघितलीत म्हणून. ते खोटं नाही. पण जरा हिशोब लावा. धामण चावली, दिवड चावला, कवड्या चावला, तर माणूस औषधाशिवाय बी जगतो. नाग-घोणस चावले तरी दर वेळी विष अंगात सोडतातच असं नाही. मग दहा माणसं भगताकडं गेली अन् सात जगली, तर ती मुळीनं जगली का विषच नव्हतं म्हणून जगली? जगलेले सात गावभर सांगत फिरतात. गेलेले तीन काही सांगायला येत नाहीत. त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, उशीर झाला, नशीब नव्हतं.

मण्यार तर आणखी वाईट. रात्री झोपेत चावते, सूज नाही, आग नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, अन् पहाटेपर्यंत श्वास बंद पडतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींच्या विषावर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती कैक वर्षं बनत आलीय. झाडपाल्याचे प्रयोग बी झालेत. काचेच्या नळीत, उंदरावर काही रसांनी विष थोडं मंदावलं. पण चावलेला माणूस वाचवला असं सिद्ध झालेली मुळी आजपर्यंत एकही नाही. म्हणून सापाच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. आवळून बांधू नका, ब्लेडनं कापू नका, हातपाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा. भगतबाबांनी मंत्र म्हणायचा असंल तर गाडीत बसून म्हणावा.

याचा अर्थ आपली जडीबुटी सगळी खोटी, असं कुणी समजू नका. सर्पगंधाचंच बघा. आपल्या सुक्या रानात ती सहसा दिसत नाही, ओल्या जंगलात होते. नावात सर्प आहे म्हणून सापावर द्यायचे, अन् वेडावर, झोप यावी म्हणून बी द्यायचे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पेशंटला दिली, दाब मोजत गेले, लिहीत गेले, अन् 1949 साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापलं. पुढं 1952 ला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रिसर्पिन काढलं. जगभर गोळ्या खपल्या. मोजल्यामुळं हे बी कळलं, की डोस जास्त झाला तर माणूस उदास होऊन बसतो. आपल्या बांधावरच्या अडुळशाच्या द्रव्यावरूनच खोकल्याचं ब्रोमहेक्झिन तयार झालं. मुळी ओळखून ठेवणाऱ्या रानातल्या माणसांचं नाव मात्र कुठल्याच बाटलीवर नाही.

आता गुळवेल. कोरोनात घरोघर काढे उकळले, तुम्हीबी प्यालात. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांकडं लिव्हरला सूज आलेले 6 पेशंट आले, सगळे गुळवेल घेणारे. 2021 ला ते छापून आलं. सरकारचं आयुष मंत्रालय म्हणालं, वेल गुळवेलच होती का दुसरी तिच्यासारखी दिसणारी, ते तपासलं नाही. पुढच्या वर्षी 13 ठिकाणच्या दवाखान्यांनी मिळून 43 पेशंटची माहिती छापली. बहुतेक जण बंद केल्यावर सुधारले. काहींचा आधीपासूनच शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटण्याचा आजार होता, तो गुळवेलीनं उठवला असं डॉक्टर म्हणतात.

या भांडणात माझं मन कुठं अडकलं ते सांगतो. दोन्ही बाजू विचारत होत्या तेच: वेल कोणती, किती घेतली, किती दिवस, घेणाऱ्याला आधी काय होतं? आपली म्हातारी माणसं हेच विचारायची. गरवार बाईला हे देऊ नको, लेकराला एवढंच दे, तीन दिवसांच्या वर नको. बिबा कसा लावायचा, धोत्र्याला हात कुणी लावायचा, याला बी शिस्त होती. बाजारात पावडरीचा डबा आला अन् शिस्त तेवढी गेली.

म्हणून माझं म्हणणं, गावानं वही घालावी. जडीचं आपलं नाव, कोणत्या माळावर, कोणत्या नाल्याला सापडते, पान का साल का मूळ, किती द्यायची, कुणाला द्यायची नाही. अन् महत्त्वाचं, किती जणांना दिली, किती बरे झाले, किती नाही झाले, कुणाला त्रास झाला. नाही झालेल्यांचा रकाना कोरा ठेवणारी वही माझ्या मते काही कामाची नाही.

काही जाणते म्हणतात, नाव फोडलं की गुण जातो. त्यांचा मान ठेवून सांगतो, न सांगता ते माणूस गेल्यावर गुणबी जातो अन् नावबी जातं. बाहेरचे चोरतील ही भीती मात्र खरी आहे. हळदीनं जखम भरते यावर 1995 ला अमेरिकेत पेटंट दिलं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर संस्थेनं जुने लिहिलेले पुरावे मांडले, तेव्हा 1997 ला ते रद्द झालं. लिहिलेलं होतं म्हणून हळद वाचली. तरी वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील, अन् ठरावाशिवाय कुणाला प्रत द्यायची नाही.

आता फायलीचा संबंध. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात औषधी वनस्पती, कंद, मुळ्या धरल्यात. कलम 3 मध्ये जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क लिहिलाय. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात त्यासाठी जागा आहे, अन् आपण ती कोरी सोडतो. आपल्या जिल्ह्यात जंगल तसं नावालाच, अजिंठ्याच्या डोंगराकडचा पट्टा अन् इकडंतिकडं तुकडे. तिथं आपला वापर काय, असं साहेब विचारतात. नाल्यागणिक, माळागणिक जडीची नावं लिहिलेली वही पुढं ठेवा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं ग्रामपंचायतीत समिती अन् नोंदवही बी असायला पाहिजे. तुमच्या गावची कुणी भरली, कुणाला विचारून भरली, ते ग्रामसेवकाला विचारा.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक गावानं एक दोनशेपानी वही आणावी, लिहायला शिकलेली एक पोरगी अन् सांगायला एक जाणता बसवावा. अन् पाऊस पडायच्या आधी चार जणांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सापाची लस आहे का, किती आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे विचारून यावं. नसंल तर अर्ज द्या, पोच घ्या, अन् पोच फायलीला लावा.